पिंगळीच्या शाळेत नाच

विमलाबाई पिंगळीच्या स्टेशनावर उतरल्या, तेव्हा त्यांना न्यायला आलेला गाडीवान सटवाजी त्यांच्या समोरून सरळ पुढे निघून गेला. हैदराबादेहून वर्जिशीचे मास्तर येणार, पोरींना कसरत-कवायत शिकवणार, एवढंच त्याला अप्पारावांनी सांगितलं होतं. त्यामुळे भरल्या अंगाचा, मिशीवाला कुणी दिसतो का ते बघत तो फलाटाच्या टोकापर्यंत गेला. गाडी निघून गेल्यावर फलाटावर एकच बाई उरली. फिकट निळी साडी, पायाशी ट्रंक, अंथरुणाची वळकटी आणि जुन्या चादरीत बांधलेली तबल्याची जोडी.

"तुमीच का ते मास्तर?" त्यानं विचारलं.

त्या म्हणाल्या, मास्तर नाही, मी नाच शिकवते. सटवाजीनं सामान बैलगाडीत टाकलं आणि बैल गावाकडे वळवले.

पोलीस ॲक्शनला अजून तीन वर्षं होती. निजामाच्या राज्यात चार माणसं जमवायची तरी सरकारची इजाजत लागायची. अप्पाराव गावातले मोठे शेतकरी. बैलांच्या गोठ्याशेजारच्या पडवीत त्यांनी मुलींची मराठी शाळा काढली होती. हैदराबादेतलं बायकांचं एक मंडळ खेड्यांतल्या शाळांमध्ये कलावंत पाठवतं, दोन-तीन महिने ठेवतं, हे कळल्यावर त्यांनी आपल्याही शाळेसाठी मागणी केली. पण अर्जात 'नाच' लिहिलं तर इजाजत मिळणार नाही, नाहीतर मग सगळी कचेरीच बघायला येईल, असं वाटून त्यांनी 'वर्जिश' लिहिलं. पुढे गावालाही तेच सांगितलं. त्यामुळे ही बाई नक्की कशाला आली आहे, हे पहिले काही दिवस गावाला कळलं नाही आणि गाव आपल्याकडे असं का बघतं, हे विमलाबाईंना कळलं नाही.

त्यांची राहायची सोय शाळेच्या बन्सीधर मास्तरांच्या घरी केली होती. शाळा आणि मास्तरांचं घर यांच्यामध्ये एकच अंगण होतं. मास्तर उत्साही माणूस. कथक म्हणजे काय हे त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं आणि ते भेटेल त्याला समजावून सांगत होते. गोंधळ झाला तो त्यांच्या बायकोचा, कस्तुराबाईचा. विमलाबाई लग्न झालेल्या नव्हत्या, विधवा नव्हत्या, देवाला वाहिलेल्याही नव्हत्या. वडील हैदराबादेत कचेरीत मुन्शी, घरात भाऊ-भावजया. चांगल्या घरची मुलगी नाच शिकते, परगावी एकटी येते, आणि घरचे स्टेशनावर पोचवायला येतात. ह्या बाईला जेवायला पुरुषांच्या पंगतीत वाढायचं की आपल्यासोबत बसवायचं, शेजारणींना हिची ओळख काय म्हणून करून द्यायची, हे कस्तुराबाईला उमगेना. शेवटी ती त्यांना चुलीजवळच पाट द्यायला लागली. विमलाबाई तिथे खुशाल बसत, भाकरी चांगली झाली म्हणत आणि स्वतः थापायला गेल्या की ती हमखास फाटे.

शाळेत मुली आधी लाजल्या, मग हसल्या, मग पाय आपटायला लागल्या. विमलाबाई तोंडानं बोल म्हणत आणि हातानं तबल्यावर ठेका धरत. ता थेई थेई तत्. मास्तरांची नऊ वर्षांची कावेरी सगळ्यांत आधी उचलायची. आठवड्याभरात ती पाणी आणताना, शेणानं सारवताना, दाराच्या उंबऱ्यावर उभ्या उभ्या तेच करायला लागली. विमलाबाईंनी तिला गिरकी शिकवली. एका जागी उभं राहून फिरायचं आणि फिरून त्याच जागी थांबायचं.

कस्तुराबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. मुलगी छान दिसायची, ते तिला आवडायचं. आणि तिनं गिरकी घेतली की कस्तुराबाई खिडकीपासून मागे सरायची.

कारण अशी गिरकी तिनं लहानपणी बघितली होती. तिची थोरली बहीण बायना घरात असताना खांबाला धरून अशीच फिरायची. त्यांना भाऊ झाला तो जगेना, म्हणून आईनं नवस केला होता. भाऊ जगला. मग माळेगावच्या जत्रेत बायनाला खंडोबाला वाहिलं. तिच्या अंगावर भंडारा उधळला, गळ्यात कवड्यांची माळ घातली, नवं लुगडं नेसवलं. कस्तुरा तेव्हा सहा-सात वर्षांची. तिला वाटलं लग्नच आहे, आणि आपल्याला का नाही म्हणून ती रडली होती. जत्रेहून परतताना बायना गाडीत नव्हती. ती मुरळी झाली. आता देवापुढे नाचायचं, गावोगाव जागरणाला जायचं. पुढे कस्तुराचं लग्न ठरलं तेव्हा बापानं तिला बजावलं की सासरी बहिणीचं नाव काढायचं नाही. तिनं काढलं नाही. एकदा मानवतच्या बाजारात ती तिला दुरून दिसली होती. कस्तुराबाईनं पदर पुढे ओढला आणि ती दुसऱ्या गल्लीत वळली होती.

आणि आता तिचीच मुलगी घुंगरं बांधत होती आणि मास्तर शेजाऱ्यांना बोलावून दाखवत होते. ह्यात चांगलं कोणतं आणि वाईट कोणतं, हे कुणाला विचारावं तर विचारायचीही सोय नव्हती.

पौष लागला तसा मुलींचा नाच गावासमोर करायचं ठरलं. संक्रांतीच्या पुढचा शुक्रवार, म्हणजे निजामी सुट्टीचा दिवस, धरला. ते ठरवायला अप्पाराव मास्तरांच्या ओट्यावर येऊन बसले होते. विमलाबाई म्हणाल्या की ह्या भागात कोण नाचतं, कसं नाचतं, ते मुलींनी बघायला पाहिजे. मी सटवाजीला विचारलं, तर तो म्हणाला, झरीला बायनाबाई म्हणून मुरळी आहे, तिच्यासारखं जागरण ह्या मुलखात कुणी करत नाही. त्यांना बोलवायचं का?

कस्तुराबाई आत तूर निवडत होती. तिचा हात सुपात तसाच राहिला.

बन्सीधर मास्तर लगेच म्हणाले की बोलवावं, कला ती कला. अप्पारावांनी नकारार्थी मान हलवली.

"ते वेगळं हाय, बाई."

"कसं वेगळं?"

"तुमी शिकवता. ती देवाची हाय."

"मग त्या माझ्यापेक्षा मोठ्याच झाल्या."

"मोठीच हाय की," अप्पाराव म्हणाले. "म्हणून तर शाळेत नको."

आपण काय बोललो ते अप्पारावांनाही नीट कळलं नसावं, कारण त्यांनी चहा अर्धा ठेवला आणि शेतावर काम आहे म्हणून ते उठले.

बोलावणं तिथेच संपलं असतं. पण विमलाबाईंनी सटवाजीला आधीच बोलता बोलता सांगितलं होतं की झरीला गेलास तर त्यांना सांग, मला भेटायचंय. सटवाजीनं तो हुकूम धरला. भोगीच्या आदल्या दिवशी तो अप्पारावांचा कडबा आणायला झरीला गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परतला. कडब्यावर एक बाई बसली होती. कपाळभर भंडारा, गळ्यात कवड्या. त्यानं तिला मास्तरांच्या ओट्यापाशी उतरवलं आणि तो गाडी सोडायला गेला.

मास्तर आणि विमलाबाई शाळेत होते. कस्तुराबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. ओट्यावर आपली आईच बसली आहे असं तिला क्षणभर वाटलं, तोच खांद्याचा बाक, तीच मान. बायनाबाईनं तांब्या घेतला, वर बघितलं आणि पाणी तसंच हातात धरून विचारलं,

"कस्तुरी का?"

कस्तुराबाईच्या तोंडून निघालं, "न्हाई."

"बरं," बायनाबाई म्हणाली आणि पाणी प्यायली.

कस्तुराबाई आत आली. आपण असं का म्हणालो ते तिला कळेना. भिंतीला हात लावून ती उभी राहिली. बाहेर जाऊन खरं सांगावं म्हणून ती वळली. तेवढ्यात शाळा सुटली. मुली, मास्तर आणि विमलाबाई अंगणात आले आणि गाडी आल्याचं कळून अप्पारावही पाठोपाठ आले. विमलाबाईंनी वाकून बायनाबाईच्या पायांना हात लावला. बायनाबाईनं पाय मागे घेतले नाहीत. पाया पडून घ्यायची तिला सवय होती. मग विमलाबाई म्हणाल्या की मुलींना थोडं काही दाखवाल का, जे मनाला येईल ते.

बायनाबाई म्हणाली, "नाचायला न्हाई आले मी. सटवाजी म्हणला, मास्तराच्या घरी बोलावलंय. म्हणलं, कुणीतरी घरी बोलावलं, जाऊन बसावं."

मास्तरांनी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, तुमचं माहेर कुठलं. बायनाबाई नुसती हसली आणि म्हणाली की आमी ते सांगत नसतोत.

तेव्हा कस्तुराबाई दारात आली. डोक्यावरचा पदर नीट करत, कुणाकडेच न बघता ती म्हणाली,

"ही माझी बहीण हाय. थोरली."

मास्तरांनी बायकोकडे बघितलं, मग पाहुणीकडे.

"तुझी बहीण तर पटकीत गेली म्हणून तुझ्या बापानं सांगितलं होतं," ते म्हणाले.

"पटकीत का?" बायनाबाईनं विचारलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. दुसऱ्या कुणाची तरी बातमी ऐकावी तसं तिनं विचारलं होतं.

अप्पाराव आले तसे निघून गेले. विमलाबाईंचा चेहरा मात्र उजळला. त्यांनी कावेरीला जवळ ओढलं आणि म्हणाल्या, "मग हिच्या पायांत आलंय ते कुठून, ते आज कळलं. घरचंच आहे."

त्यांनी ते कौतुकानं म्हटलं होतं. कस्तुराबाईला मात्र कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. इतके दिवस खिडकीशी उभं राहून तिला ज्याची भीती वाटत होती आणि नाव देता येत नव्हतं, ते हेच होतं. तिनं पोरीचा दंड धरला आणि तिला आपल्या मागे घेतलं. विमलाबाई बघतच राहिल्या. आपलं काय चुकलं ते त्यांना कळलं नाही.

बायनाबाईला कळलं असावं. तिनं विमलाबाईंना विचारलं, "ह्या पोरी नाचल्यावर कुठं जातेत?"

"कुठे म्हणजे? आपापल्या घरी."

"घरी घेतेत?"

"हो. का नाही घेणार?"

बायनाबाईनं मान डोलावली. "मग शिकवा," ती म्हणाली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, भाकर हाय का.

ती राहिली. संक्रांत तोंडावर होती आणि सटवाजीची गाडी लगेच झरीला जाणार नव्हती, एवढंच कारण सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं. मास्तर बायकोशी बोलेनासे झाले. ते शाळेत जात, येत, जेवत आणि अंगणात येरझाऱ्या घालत. एकदा त्यांनी कस्तुराबाईला विचारलं की त्या गुळपोळी खातात का. म्हणजे देवाला वाहिलेल्या बायकांना काही वर्ज्य असतं का, असं त्यांना विचारायचं होतं. कस्तुराबाई म्हणाली, मला ठाऊक न्हाई. तिला खरंच ठाऊक नव्हतं. मग मास्तरांनी स्वतःच पोळीवर तुपाची धार धरून ताट बायनाबाईपुढे नेऊन ठेवलं आणि ते बाहेर गेले.

गावात बातमी फिरायला वेळ लागला नाही. मास्तरीणबाईची बहीण मुरळी निघाली आणि म्हणून शाळेत नाच चालू झाला, असा अर्थ लोकांनी लावला. विमलाबाई हैदराबादेच्या नाहीत, झरीच्याच आहेत, असंही कुणी म्हणालं. संक्रांतीच्या दिवशी बऱ्याच बायकांनी येऊन सांगितलं की आमची पोरगी शुक्रवारी नाचणार नाही. कुणाला खोकला झाला, कुणाला मामाकडे जायचं होतं. आणि त्याच बायका निघताना ओट्यावर थांबत, बायनाबाईपुढे वाकत, लेकराच्या कपाळाला भंडारा लावून घेत. एकीनं तर आपली पाळण्यातली पोर तिच्या मांडीवर ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवा म्हणाली.

विमलाबाई हे दारातून बघत होत्या. त्या कस्तुराबाईला म्हणाल्या, "वहिनी, ह्या बायका त्यांना मानतात की नाही मानत?"

कस्तुराबाई म्हणाली, "मानतेत की." मग म्हणाली, "पोरींना घरी ठेवतेत ते बी मानतेत म्हणूनच असंल. मला न्हाई सांगता येत, बाई."

शुक्रवारी सकाळी मास्तर म्हणाले की कावेरीचं काय ते तू ठरव. इतक्या वर्षांत त्यांनी कुठलीच गोष्ट बायकोवर सोडली नव्हती. कस्तुराबाई पोरीची वेणी घालायला बसली. पाठवायचं नाही असं तिनं मनाशी ठरवलं होतं. वेणी अर्धी झाली तेव्हा वाटलं, पाठवावं. गाठ मारताना पुन्हा वाटलं, नको. तेवढ्यात विमलाबाईंनी हाक मारली आणि कावेरी उठून पळाली. कस्तुराबाईनं तिला अडवलं नाही. तिच्या हातात फणी तशीच राहिली.

कार्यक्रम शाळेच्या अंगणात झाला. मोजक्याच मुली उरल्या होत्या. अप्पाराव येणार नाहीत असं सगळ्यांना वाटत होतं, पण ते आले आणि खुर्चीवर बसले. मध्येच पोलिसांचे अमीनसाहेब दोन शिपायांना घेऊन आले. जमाव कसला, इजाजत आहे का, अशी विचारणा झाली. अप्पारावांनी इजाजतीचा कागद पुढे केला. अमीनसाहेबांनी तो वाचला, नाचणाऱ्या पोरींकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे बघितलं.

"ये वर्जिश है?" त्यांनी विचारलं.

"जी," अप्पाराव म्हणाले.

अमीनसाहेब जरा वेळ उभे राहिले, आणि मग बसलेच. शेवटपर्यंत बसले. जाताना म्हणाले की त्यांच्या मुलींच्या मदरशातही अशी वर्जिश असायला हवी. ते खरं बोलत होते की चेष्टा करत होते, यावर मास्तर आणि अप्पाराव यांचं पुढे कधी एकमत झालं नाही.

कस्तुराबाई बायकांमध्ये पुढे बसली होती आणि तिनं बायनाबाईला शेजारी बसवून घेतलं होतं. दोघींच्या भोवती थोडी जागा मोकळी राहिली होती. कावेरी उभी राहिली, विमलाबाईंनी बोल सुरू केले, पोरीचे पाय जमिनीवर वाजायला लागले. मग तिनं गिरक्या घेतल्या. एक, मग दुसरी, मग इतक्या भरभर की वेणी आडवी झाली. बायनाबाईनं कस्तुराबाईचा हात धरला आणि इतका घट्ट दाबला की बांगड्या मनगटात रुतल्या. आनंदानं दाबला की कशानं, ते कस्तुराबाईला कळलं नाही. तिनं वळून बघितलं. बायनाबाई रडत नव्हती, हसतही नव्हती. ती फक्त पोरीच्या पायांकडे बघत होती. कावेरी थांबली ती बरोबर जिथून निघाली तिथेच. टाळ्या वाजल्या. पोरगी धापा टाकत आईकडे आली, तहान लागली म्हणाली, आणि पाणी पिऊन दोघींच्या मध्ये बसली.

दोन दिवसांनी विमलाबाई निघाल्या. त्यांना पुढे मानवतच्या शाळेत जायचं होतं. स्टेशनावर कस्तुराबाई त्यांना पोचवायला गेली. गाडीला उशीर होता. विमलाबाई ट्रंकेवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या की मी इथे नाच शिकवायला आले होते, तो शिकवला की दुसरंच काही केलं, हे मला समजत नाही.

"माझ्यामुळे तुमच्या घरात वाईट झालं का, वहिनी?"

कस्तुराबाईनं विचार केला. मास्तर अजून पुरते बोलत नव्हते. सगळं कळल्यावर माहेराहून आईनं निरोप धाडला होता की माझ्या दारात येऊ नको. शाळेतून चार घरांनी मुली काढल्या होत्या. आणि बहीण ओट्यावर बसून शेंगा सोलत होती.

"वाईट न्हाई झालं," ती म्हणाली. "चांगलं झालं का, ते बी नका विचारू."

बायनाबाई झरीला परत गेली. जाताना पुन्हा कधी येणार, असं कस्तुराबाईनं विचारलं. ती म्हणाली, बोलावलं तर येईन. कस्तुराबाईला नागपंचमीला बोलवायचं होतं, तेव्हा लेकी माहेरी येतात. पण हे काही तिचं माहेर नव्हतं, आणि बहिणीच्या सासरी पंचमीला कुणी येत नाही. तरी श्रावण लागल्यावर तिनं मास्तरांना सांगितलं. मास्तर बराच वेळ वही तपासत राहिले. मग म्हणाले की सटवाजीला मीच सांगतो.

पंचमीच्या दिवशी सकाळी बायनाबाई आली. तिनं अंगणातल्या झाडाला बांधलेल्या झोक्यावर कावेरीला झोके दिले, पुरणाचे दिंड खाल्ले आणि माजघरात चटईवर आडवी झाली. कस्तुराबाईनं भांडी घासली, दळण केलं. बहीण अजून झोपलेलीच होती. ऊन उतरायला लागलं. सटवाजी गाडी जुंपून दारात आला आणि म्हणाला, वैनी, निघावं लागतंय, वाटेत ओढ्याला पाणी चढंल.

कस्तुराबाई माजघराच्या दारात उभी राहिली. बायनाबाई तोंड किंचित उघडं ठेवून, लहान पोरासारखी गाढ झोपली होती. जागी असताना ती इतकी दमलेली असेल असं कधी वाटलं नव्हतं. तिला उठवावं की सटवाजीला बैल सोडायला सांगावं, हे कस्तुराबाईला ठरवता येईना. सटवाजीनं पुन्हा हाक मारली. ती तिथेच उभी राहिली.